एमआयएस सोडून ॲप बनवायला जाऊ का?

प्रश्न असा आहे: अंधेरीतल्या एका कंपनीत सहा वर्षं एमआयएस, म्हणजे कंपनीच्या आकड्यांचे रिपोर्ट काढायचं काम करतोय. एक्सेल, पॉवर क्वेरी, पॉवर बीआय ही रिपोर्टिंगची साधनं हातात बसलीत, पॉवर बीआयची पीएल-३०० परीक्षा दिलीय. कंपनीत पॉवर ॲप्सची (मायक्रोसॉफ्टचं ॲप बनवायचं साधन) छोटी टीम सुरू होतेय आणि मॅनेजरने "तू येतोस का?" म्हणून विचारलंय. कोडिंग कधी केलेलं नाही. गेलो तर सहा वर्षांचा अनुभव पाण्यात जाईल का? आणि लो-कोड (फारसा कोड न लिहिता ॲप बनवणं) शिकलेला माणूस ना धड डेव्हलपर, ना धड ॲनालिस्ट, असा मधेच लटकतो का? महिनाअखेर उत्तर द्यायचंय.

मी याच वाटेने आले, म्हणून जरा लांबलचक लिहिते. २००८ मध्ये लोअर परळच्या एका ऑफिसात एमआयएस एक्झिक्युटिव्ह म्हणून लागले. दर महिन्याच्या दोन तारखेला क्लोजिंग (आदल्या महिन्याचे आकडे पक्के करणं), रात्री साडेनऊची लोकल आणि दारात उभ्या उभ्या डोक्यात चाललेलं व्हीलुकअप. पुढे पॉवर बीआय आलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. २०१९ मध्ये पहिलं ॲप बनवलं आणि तेव्हापासून तेच करतेय. आता ऐरोलीत बसते. टीममध्ये पाच जण आहेत, त्यातले तिघं मूळचे रिपोर्टिंगवालेच.

कोडिंगचं आधी उरकून टाकते. ती भीती सगळ्यात मोठी वाटते आणि सगळ्यात लवकर जाते. पॉवर ॲप्सची भाषा आहे पॉवर एफएक्स, आणि ती एक्सेलच्या फॉर्म्युल्यांवरच बेतलेली आहे. इफ, अँड, लेफ्ट, टेक्स्ट ही सगळी जुनी मंडळी तिथे भेटतात. एक किंमत बदलली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं आपोआप बदलतं, हेही एक्सेलसारखंच. डॅक्समधलं (पॉवर बीआयची फॉर्म्युल्यांची भाषा) कॅल्क्युलेट आणि फिल्टर कॉन्टेक्स्ट ज्याने पचवलंय, त्याला इथलं फिल्टर आणि लुकअप दोन आठवड्यांत जमतं. नवीन असतात त्या बटण दाबल्यावर घडणाऱ्या गोष्टी. रिपोर्टमध्ये तुम्ही कितीही चुकीचं मेझर (रिपोर्टमधला फॉर्म्युला) लिहा, मूळ डेटाला ओरखडा उठत नाही. इथे 'पॅच' लिहिलंत की कुठल्यातरी यादीतली एक ओळ खरोखर बदलते, आणि चुकीची बदलली तर ती तुम्ही बदललेली असते.

अडचण असलीच तर ती इथे आहे. सहा वर्षं तुम्ही घडून गेलेल्या गोष्टी मोजल्यात. आता त्या घडतात तिथे जाऊन उभं राहायचंय. ते आवडेल का, हे मॅनेजरला उत्तर देण्याआधी स्वतःला विचारा. भिवंडीचं सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते लक्षात येईल.

माझं पहिलं मोठं ॲप भिवंडीच्या एका गोदामाच्या गेटसाठी होतं. गाडी आली की गेटवरचे सुपरवायझर रजिस्टरमध्ये गाडी नंबर, ट्रान्सपोर्टर, चलन नंबर आणि वेळ लिहायचे. संध्याकाळी त्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर यायचे, आमच्या टीममधली मुलगी ते एक्सेलमध्ये टाइप करायची आणि त्यावर मी रिपोर्ट काढायचे. त्यामुळे दुखणं कुठे आहे ते मला पाठ होतं. एकाच ट्रान्सपोर्टरची पाच स्पेलिंगं. गाडी नंबर कधी पूर्ण, कधी नुसते शेवटचे चार आकडे. वेळ '७.३०', पण सकाळची की संध्याकाळची ते देव जाणे. वर्षभर मी पॉवर क्वेरीत हे धुणं धूत होते. म्हटलं, आता घाण आत येऊच द्यायची नाही. ट्रान्सपोर्टर ड्रॉपडाउनमधून निवडायचा, वेळ आपोआप पडायची, चलनाचा फोटो सक्तीचा. ऑफिसात डेमो दिला. सगळे खूश.

गो-लाइव्हच्या दिवशी सकाळी अकराला फोन आला. सुपरवायझर पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, आवाजात जराही राग नाही. "मॅडम, तुमचं ॲप नुसतं फिरतंय. मागे सात गाड्या उभ्या आहेत. मी वहीत लिहून घेऊ का?"

दुसऱ्या दिवशी मी तिथे जाऊन बसले. पत्र्याचं गोदाम, गेटची केबिन आतल्या बाजूला, नेटवर्कची जेमतेम एक दांडी. फोनची काच कोपऱ्यात तडकलेली. काका चलनाचा फोटो काढत, सबमिट दाबत, स्क्रीनवर गोल फिरायला लागलं की परत दाबत, आणि ड्रायव्हरने हॉर्न मारला की तिसऱ्यांदा. एका गाडीच्या तीन नोंदी. ड्रॉपडाउनमध्ये साठेक नावं होती, ती सरकवताना तडकलेल्या काचेवर अंगठा अडायचा. त्यात रात्री एखाद्या नव्या ट्रान्सपोर्टरची गाडी आली तर यादीत नावच नाही. मग काका जे पहिलं नाव दिसेल ते लावून गाडी आत सोडायचे. त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. त्यांचं काम गाडी सोडण्याचं, माझी यादी नीट ठेवण्याचं नव्हे. पण माझ्या ड्रॉपडाउनने आता नव्या जातीचा कचरा तयार केला होता, आणि तो आधीच्यापेक्षा वाईट होता. स्पेलिंग चुकलं असेल तर खरं नाव ओळखता तरी येतं. नीट लिहिलेलं चुकीचं नाव कसं शोधणार?

दुरुस्त्या तशा साध्या होत्या. सबमिट दाबताक्षणी बटण बंद. नोंद आधी फोनमध्येच साठवायची आणि नेटवर्क मिळालं की पाठवायची. तोच गाडी नंबर आणि तोच चलन नंबर त्याच दिवशी पुन्हा आला तर विचारायचं. यादीत वर गेल्या आठवड्यात येऊन गेलेले दहा ट्रान्सपोर्टर, आणि तळाला 'यादीत नाही, नाव लिहा'. अशी हाताने लिहिलेली नावं दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातला एक माणूस तपासणार आणि यादीत घालणार, असंही ठरवलं. हे शेवटचं कुठल्याच फॉर्म्युल्यात बसत नाही. त्यासाठी कोणाच्या तरी रोजच्या कामात दहा मिनिटांची भर घालावी लागली आणि त्याच्या साहेबांची मनधरणी करावी लागली. ॲप तीन आठवड्यांत झालं होतं, त्या दहा मिनिटांना दीड महिना लागला.

हे वाचून तुम्हाला 'कुठे या भानगडीत पडू' असं वाटलं, तर प्रामाणिक सल्ला आहे की जाऊ नका. त्यात कमीपणा काही नाही. ज्याला आकड्यांशी खेळायला आवडतं, विक्री का पडली हे खणून काढायला आवडतं, त्याने एसक्यूएल (डेटाबेसमधून डेटा काढायची भाषा), पायथन, डेटा इंजिनिअरिंग अशी वाट धरावी. माझा एक जुना सहकारी माझ्याबरोबरच ॲपमध्ये आला होता, आठ महिन्यांत परत ॲनालिटिक्सला गेला आणि तिथे सुखात आहे. त्याला युझरचे फोन सहन होत नसत. उलट, काकांनी ते पहिलं नाव का लावलं असेल हे वाचतानाच तुमच्या डोक्यात आलं असेल, तर तुम्ही अर्धे इकडचेच आहात.

आता सहा वर्षं पाण्यात जातात का ते बघू. माझ्या अनुभवात जात नाहीत, फक्त ती तुम्ही समजता तिथे उपयोगी पडत नाहीत. पॉवर बीआयचे चार्ट इथे कोणी विचारत नाही. उपयोगी पडते ती संशय घ्यायची सवय.

त्याच गेटच्या ॲपचं उदाहरण देते. पहिल्या स्क्रीनवर मी 'एकूण नोंदी' असा आकडा ठेवला होता. तीनेक आठवड्यांनी काकांचा फोन, कालची गाडी सापडत नाही. बघते तर एकूण नोंदी ५००. तासाभराने पुन्हा बघितलं, अजून ५००. गेटवर गाड्या येताहेत आणि आकडा हलत नाही. कुठलाही आकडा असा गोल आला की एमआयएसवाल्याच्या पोटात गोळा येतो, तसा आला. कारण असं की, शेअरपॉइंटसारख्या (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन याद्या) स्रोताला पॉवर ॲप्स शक्य तेव्हा 'तूच शोधून दे' असं सांगतं. याला डेलिगेशन म्हणतात. पण काही फॉर्म्युले त्या स्रोताला कळत नाहीत. मग ॲप पहिल्या ५०० नोंदी स्वतःकडे ओढतं आणि तेवढ्यातच शोधतं. सेटिंगमध्ये ही मर्यादा वाढवता येते, पण २,००० च्या पुढे नाही. लाल एरर वगैरे येत नाही. बनवताना एक पिवळा त्रिकोण दिसतो, आणि टेस्टिंगला चाळीस नोंदी असतात तेव्हा सगळं मस्त चालत असल्यामुळे त्याच्याकडे आपण काणाडोळा करतो. मीही केला होता. त्या दिवसापासून टीममध्ये नियम आहे: टेस्टिंगच्या यादीत आधी ३,००० खोट्या नोंदी भरायच्या, मग स्क्रीन बनवायची.

दुसरं, घड्याळ. पॉवर ऑटोमेट या मायक्रोसॉफ्टच्याच साधनातला फ्लो (आपोआप चालणारी कामांची साखळी) सांगितलं नाही तर जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. गोदामात रात्रपाळी असते. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आलेल्या गाड्या रोजच्या ईमेलमध्ये आदल्या दिवशी पडत होत्या. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण रोज थोड्या इकडच्या तिकडे होऊन बेरीज साधारण सारखीच यायची. फुटलं ते मार्चअखेरीला. १ एप्रिलला रात्री दोन वाजता आलेल्या दोन गाड्या ३१ मार्चमध्ये, म्हणजे जुन्या आर्थिक वर्षात गेल्या, आणि अकाउंट्सवाल्यांनी मला खालीच बोलावलं. एका कन्व्हर्जनची गोष्ट होती. पण नुसत्या डेव्हलपरने ती मार्चआधी पकडली असती असं मला वाटत नाही. महिनाअखेरीची धास्ती ज्याने भोगलीय तोच आधी तारखा तपासतो. (मी भोगली होती आणि तरी तपासल्या नाहीत, हा भाग वेगळा.)

एक जुनी सवय मात्र मोडावी लागेल. रिपोर्टसाठी आपण टेबलं पसरट करतो, मधे व्यवहारांचं एक मोठं फॅक्ट टेबल आणि भोवती डायमेन्शन्स (नावं, शहरं अशा याद्या), शिवाय सोयीसाठी नाव, शहर, विभाग सगळं त्याच ओळीत आणून ठेवलेलं. ॲपमागचं टेबल असं असेल तर ट्रान्सपोर्टरचा फोन बदलला की चारशे ओळी बदलायच्या. इथे एक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकीच्यांनी तिच्याकडे बोट दाखवायचं. आणि उलट बाजूही आहे: गाडी आली त्या दिवशीचा दर त्या नोंदीतच गोठवून ठेवायचा, कारण पुढच्या महिन्यात दर बदलला तर जुनं बिल बदलता कामा नये. कुठे बोट दाखवायचं आणि कुठे गोठवायचं, हे ठरवण्यात माझे सुरुवातीचे सहा महिने गेले. अजूनही नव्या माणसाचं काम तपासताना मी स्क्रीन सगळ्यात शेवटी बघते, टेबलं आधी.

सराव कशावर करायचा हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. यूट्यूबवरचं रजेच्या अर्जाचं ॲप करू नका, ते सगळ्यांनी केलेलं असतं. गणपती मंडळाच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घ्या. दिसायला चार रकान्यांचं: नाव, खोली नंबर, रक्कम, रोख की यूपीआय. पण खोलात शिरलात की भरपूर सापडतं. तीन पोरं तीन इमारतींत फिरतात, लिफ्टमध्ये आणि जिन्यात रेंज नाही, तरी पावती नंबर दोनदा येता कामा नये. कसं करणार? मंडळांनी याचं उत्तर कधीच काढलेलं आहे: प्रत्येकाला वेगळं पुस्तक, एकाला १ ते १००, दुसऱ्याला १०१ ते २००. तुमच्या ॲपलाही तेच करावं लागेल. चुकलेली पावती कोणी फाडून फेकत नाही, दोन तिरक्या रेघा मारून 'रद्द' लिहितात आणि पुस्तकातच ठेवतात, नाहीतर खजिनदार हिशेब घेणार नाही. म्हणजे ॲपमध्ये नोंद पुसायचं बटण ठेवायचंच नाही, रद्दचा शेरा ठेवायचा, आणि कोणी कधी रद्द केली तेही लिहायचं. एखादा दुकानदार म्हणतो, पाचशे आत्ता, पाचशे चतुर्थीला. त्याची पावती एक की दोन? आणि अध्यक्षांना सगळं दिसावं, पण पोरांना एकमेकांची वसुली दिसावी का? यातला एकेक प्रश्न सोडवलात की मुलाखतीत बोलायला पंधरा मिनिटांचा ऐवज तयार होतो.

यासाठी पॉवर ॲप्सचा डेव्हलपर प्लॅन फुकट मिळतो. ऑफिसचं किंवा कॉलेजचं खातं लागतं, ऑफिसचं वापरणार असाल तर आयटीला आधी विचारा. तो शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी आहे, त्यावर मंडळाची खरी वसुली चालवायची नाही. शेजाऱ्यांची खरी नावं आणि फोन नंबरही भरू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे हे एक कारण, आणि चाळीत ते कळल्यावर काय होईल हे दुसरं.

आता लटकण्याची भीती. ही अगदीच खोटी नाही. मी दोन-तीन वर्षं नुसत्या कॅनव्हास ॲपच्या (ज्यात स्क्रीन हाताने मांडतात) स्क्रीन रंगवत राहिलेली माणसं बघितलीत, ती खरंच अडकतात. शेअरपॉइंटच्या यादीवर फॉर्म आणि एक मंजुरीचा ईमेल, एवढ्यावर पहिलं वर्ष ठीक आहे. त्यापुढे डेटाव्हर्स (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस), मॉडेल-ड्रिव्हन ॲप (टेबलांवरून स्क्रीन बनणारं), सुरक्षेचे रोल (कोणाला काय दिसावं), डेव्ह-टेस्ट-प्रॉड (बनवायची, तपासायची, खऱ्या वापराची) अशी वेगळी एन्व्हायर्न्मेंट्स आणि त्यांच्यात सोल्युशन, म्हणजे ॲपचं गाठोडं, हलवणं हे यायलाच हवं. एसक्यूएल थोडंफार येत असेल तर उत्तमच. त्यात जेसन (डेटा लिहायची एक पद्धत) वाचता येणं आणि एपीआय (दोन प्रणालींनी एकमेकींशी बोलायची सोय) म्हणजे काय हे समजणं एवढी भर घाला. जावास्क्रिप्ट नंतर, लागलं तर.

याच संदर्भात दोन गोष्टी, ज्या कोणी शिकवत नाही. एक, लायसन्स. शेअरपॉइंट, एक्सेल, आउटलुक ही कनेक्टर्स (ॲपला डेटाशी जोडणारे दुवे) मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बऱ्याच प्लॅनमध्ये येतात. डेटाव्हर्स प्रीमियम आहे, आणि एसक्यूएल सर्व्हरही २०१९ मध्ये प्रीमियममध्ये गेलं. त्याला माणशी वेगळे पैसे पडतात. रिपोर्टिंगमधून आलेल्या माणसाचा हात आपोआप एसक्यूएलकडे जातो. माझाही गेला. दोन महिने खपून ॲप केलं, वापरणारे १४० जण, आणि लायसन्सचा खर्च ऐकून फायनान्सने फाइल जी मिटली ती मिटलीच. तेव्हापासून पहिल्या मीटिंगमध्ये माझे दोनच प्रश्न असतात: किती जण वापरणार आणि लायसन्स कोणतं आहे. शेअरपॉइंट फुकटात पडतं म्हणून सगळं त्यातच कोंबायचं, असंही नाही. एका यादीत ३ कोटी नोंदी मावतात असं सांगितलं जातं ते खरं आहे, पण एका वेळी ५,००० च्या वर नोंदी चाळायला लावल्या की ती हात वर करते. कॉलमला इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणूनची सूची) आधीच लावून ठेवा, यादी फुगल्यावर ते अवघड होतं.

दुसरी गोष्ट, फ्लो कोणाच्या नावावर आहे. फ्लो ज्याने बनवला त्याच्या खात्याच्या कनेक्शनवर चालत राहतो. एका जुन्या ठिकाणी आमचा एक मुलगा नोकरी सोडून गेला, आयटीने नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद केलं, आणि खरेदीच्या मंजुऱ्या थांबल्या. पहिले चार दिवस सगळ्यांना वाटलं की साहेब सुट्टीवर आहेत. मंजुरीचंच आणखी एक: फ्लोची एक फेरी जास्तीत जास्त ३० दिवस जिवंत राहते. एकतिसाव्या दिवशी साहेबांनी 'मंजूर' दाबलं तरी पलीकडे ऐकायला कोणी नसतं. दिवाळीची सुट्टी, मग लग्नसराई, असं करत ३० दिवस आपल्याकडे सहज उलटतात. म्हणून विसाव्या दिवशी आठवण आणि अठ्ठाविसाव्या दिवशी वरच्या साहेबांकडे, अशी सोय ठेवा.

परीक्षांबद्दल फार बोलत नाही. तुमची पीएल-३०० आहेच. पीएल-९०० ही पायाभूत परीक्षा एका शनिवार-रविवारी वाचून होईल. त्यानंतर पीएल-२०० या पुढच्या परीक्षेकडे जा (तेव्हा चालू आहे ना ते बघून), पण हातून एक खरं ॲप गो-लाइव्ह झाल्यावर, आधी नाही. शिवाय या परीक्षा येतात-जातात. ॲप बनवणाऱ्यांसाठीची पीएल-१०० ही २०२४ मध्ये बंदच झाली. मी मुलाखत घेते तेव्हा सर्टिफिकेटवर नजर टाकते आणि विचारते, "युझरने सबमिट दोनदा दाबलं तर तुमच्या ॲपमध्ये काय होतं?" अर्धे जण इथेच थांबतात.

मायक्रोसॉफ्टच शिकायचं असंही नाही. तुमच्या कंपनीत ते आहे म्हणून मी त्यावरच लिहिलं. लहान कारखान्यांत आणि ट्रेडिंगवाल्यांकडे झोहो क्रिएटर दिसतं. गुगल शीटवर चालणाऱ्या ठिकाणी ॲपशीट. आपल्या मुंबईतच तयार झालेलं फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट (धंद्याचं सगळं कामकाज चालवायचं सॉफ्टवेअर) ओपन सोर्स आहे, थोडं पायथन शिकायची तयारी असेल तर तेही बघा. एकातलं टेबल आणि परवानग्यांचं डोकं दुसऱ्यात जसंच्या तसं चालतं.

आणि हो, एआय. वाक्य लिहिलं की मायक्रोसॉफ्टचा कोपायलट टेबलं आणि स्क्रीन मांडून देतो, हे खरंय, आम्ही रोज वापरतो. पहिला कच्चा आराखडा पूर्वी दोन दिवस घ्यायचा, आता दुपारपर्यंत होतो. पण रात्रपाळीत काका आपला फोन हमालांच्या मुकादमाच्या हातात देऊन चहाला जातात आणि मग सगळ्या नोंदी काकांच्या नावावर पडतात, हे त्याला कोण सांगणार? ते मला केबिनमध्ये बसल्यावर कळलं, आणि तेही तिसऱ्या फेरीला.

पगार वाढेल का, हे कंपनीवर, तुमच्या मॅनेजरवर आणि बाजारावर अवलंबून आहे, मी आकडा देणार नाही. एवढं मात्र सांगते की ही उडी बाहेर मारण्यापेक्षा आतल्या आत मारणं स्वस्त पडतं. बाहेर तुम्ही पॉवर ॲप्समधले फ्रेशर. आत तुम्ही तो माणूस, ज्याला डिस्पॅच आणि बिलिंगमध्ये कुठे गाडी अडते ते माहीत आहे. म्हणून तुमच्या जागी मी असते तर हो म्हणाले असते, फक्त तीन गोष्टी विचारून. लायसन्स कोणतं घेतलंय किंवा घेणार आहेत? पहिलं ॲप कुठल्या विभागासाठी, आणि तिथे जाऊन दोन दिवस बसायला मिळेल का? ग्रेड आणि अनुभवाची वर्षं तीच राहणार ना? तिसऱ्याचं उत्तर ईमेलवर घ्या.

चौथी गोष्ट मी विचारायला विसरले होते. तुमचे आत्ताचे रिपोर्ट कोण घेणार? "ते तू बघ ना मधूनमधून, तुला तर पाठच आहे" असं कोणीतरी हसत म्हणेल. नाव आणि तारीख ठरवून घ्या, हँडओव्हरची फाइल करा, आणि एका क्लोजिंगला नव्या माणसाला शेजारी बसवून सगळं त्याच्या हातून करून घ्या. मी हे केलं नाही. भिवंडीचं ॲप सुरू झाल्यावर पुढचे अकरा महिने दोन तारखेची क्लोजिंग माझ्याकडेच होती, आणि साडेनऊची लोकलही.